पाणलोट क्षेत्र चारपाच सेलचंच येतंय, अ‍ॅक्युम्युलेशन निगेटिव्ह, आणि एरर मात्र काहीच नाही

ओढाकाठ

मंडळी, एका लहान नदीचं पाणलोट क्षेत्र काढायचंय, नकाशावरून बघितलं तर साधारण ५० चौरस किलोमीटर भरायला हवं. एसआरटीएमचा (उपग्रहासारखा अवकाशातून मोजलेल्या उंचीचा) १ आर्कसेकंदवाला, म्हणजे साधारण ३० मीटर सेलचा डीईएम (प्रत्येक सेलची उंची देणारं रास्टर) घेतला, अंदाजाने हद्द काढून तिला चिकटून क्लिप केला, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्प करून (प्रोजेक्शन बदलून) मीटरवाल्या यूटीएममध्ये आणला, सागाच्या वांग-लिऊ टूलने खड्डे भरले आणि मग प्रवाह काढणारं ग्रासचं आर.वॉटरशेड चालवलं. लॉगमध्ये एक लाल ओळ नाही, पण आउटपुट बघून काही सुचेना. मुख्य नदीवरच अ‍ॅक्युम्युलेशनच्या (वरून किती सेलचं पाणी येतं त्या आकड्याच्या) किमती निगेटिव्ह आल्यात. सपाट भागात आडव्याउभ्या सरळ रेघा दिसतायत, कंगवा फिरवल्यासारख्या. आणि पॉइंटच्या वरचं पाणलोट काढणाऱ्या आर.वॉटर.आउटलेटला नदीवर पॉइंट दिला की चारपाच सेलचा ठिपका मिळतो, बस. टूल पुन्हा इन्स्टॉल करून झालं, फरक शून्य. सुरुवात कुठून करू?

रास्टरवाली

इन्स्टॉलेशनला हात लावू नका, त्याचा काही दोष नाही. निगेटिव्ह किंमत ही एरर नाहीच मुळी, ग्रास तुम्हाला सांगतंय की या सेलमध्ये डीईएमच्या बाहेरूनही पाणी येत असू शकतं, म्हणजे इथला आकडा कमी भरतोय, भरवसा ठेवू नका. अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू घेऊन मायनस पुसून टाका असा सल्ला बरेच जण देतात, कृपया तसं करू नका, तो इशारा खरा आहे. तुम्ही हद्दीला चिकटून क्लिप केलंय ना, तिथेच गोम आहे. जी हद्द आपल्याला शोधायचीय तीच आधी धरून कापलं तर कडेचं पाणी तुटणारच. मूळ डीईएम घ्या, अंदाजापेक्षा चारी बाजूंनी ऐसपैस चौकोन ठेवा, पाणलोट निघाल्यावर मग काय कापायचं ते कापा.

आणि एक, वॉर्प केल्यावर रास्टर थोडं तिरकं होतं त्यामुळे कोपऱ्यात रिकामे त्रिकोण राहतात. त्यांना नोडेटा (इथे माहिती नाही अशी खूण) लागलाय का बघा. तिथे ० किंवा -३२७६८ ही खरी उंची म्हणून बसली असेल तर सगळं पाणी त्या कोपऱ्याकडे धावतं. लेयर प्रॉपर्टीजमध्ये मिनिमम व्हॅल्यू बघितली की लगेच कळतं.

ढाळ_आणि_उतार

रेघांचं मी सांगतो. वॉर्प करताना रिसॅम्पलिंग, म्हणजे नव्या सेलची किंमत ठरवायची पद्धत, काय होतं? डिफॉल्ट नियरेस्ट नेबर असतं आणि उंचीच्या रास्टरला ते चालत नाही, काही रांगा दोनदा येतात काही गळतात आणि मग हिलशेडमध्ये (उंचसखलाच्या छायाचित्रात) पट्टे दिसतात, पाणी त्याच पट्ट्यांतून सरळ वाहतं. बायलिनियर किंवा क्युबिक घ्या, सेल ३० मीटर स्वतः टाइप करा. नियरेस्ट नेबर जमीन वापरासारख्या वर्गवाल्या रास्टरसाठी ठेवा. शिवाय एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरात असते त्यामुळे सपाट भागात शेजारशेजारचे सेल सारखेच भरतात, तिथे थोड्या रेघा राहणारच.

आर.वॉटरशेडला आधी खड्डे भरून द्यायची गरज नसते, ते त्यातून वाट काढतं. वांग-लिऊची पायरी गाळून एकदा बघा.

संगमावर

चारपाच सेलचा ठिपका म्हणजे पॉइंट नदीवर पडलेलाच नाही. तुम्ही बेसमॅपवरची नदी बघून क्लिक करताय, पण टूलच्या लेखी नदी म्हणजे अ‍ॅक्युम्युलेशन जास्त असलेले सेल, आणि ती रांग खऱ्या नदीपासून एकदोन सेल सरकलेली असते. एक सेल बाजूला क्लिक झालं की काठावरच्या उताराचं इवलंसं क्षेत्र मिळतं. अ‍ॅक्युम्युलेशनचा लेयर वर घ्या, इतकं झूम करा की एकेक चौकोन दिसेल, आयडेंटिफायने किमती वाचत जा. एका चौकोनात ७ आणि शेजारच्यात एकदम ५४,०००, असं सर्रास दिसतं. क्लिक त्या ५४,००० च्या मधोमध.

हिशेबही जुळवून बघा. ३० मीटरचा सेल म्हणजे ९०० चौरस मीटर, तर ५० चौरस किलोमीटरला साधारण ५५,५०० सेल लागतात. आउटलेटवर तेवढा आकडा नसेल तर पाणलोट काढायला जाऊच नका, गडबड आधीच्या पायरीत आहे.

स्नॅप करणारं टूल वापरणार असाल तर अंतर कमी ठेवा, संगमाजवळ जास्त दिलं तर पॉइंट उडी मारून मोठ्या नदीवर जातो आणि भलतंच पाणलोट मिळतं. अजून एक, आर.वॉटर.आउटलेटला ग्रासचाच ड्रेनेज रास्टर (प्रत्येक सेलमधून पाणी कुठे जातं ते आकड्यात सांगणारा) द्या, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरचे आकडे वेगळे. आर्कजीआयएसमध्ये दिशा १, २, ४ पासून १२८ पर्यंत, पूर्वेकडून घड्याळाच्या दिशेने. टॉडेममध्ये पूर्व १ आणि उलट्या दिशेने ८ पर्यंत. ग्रासमध्ये ईशान्य १ आणि पूर्व ८. मिसळले की टूल तक्रार करत नाही, पाणी डोंगर चढायला लागतं.

ओढाकाठ

मनापासून आभार सगळ्यांचे! मोठा चौकोन, बायलिनियर, खड्डे न भरता चालवलं, पॉइंट झूम करून दिला. नदीवरचं निगेटिव्ह गेलं, फक्त चौकोनाच्या कडेला उरलंय, आणि क्षेत्र ५१ चौरस किलोमीटरच्या आसपास आलंय. एकच राहिलं, मध्ये एक तलाव आहे त्यातून प्रवाह एकदम सरळ रेषेत जातो. आणि वरच्या अंगाला एका रस्त्याच्या भरावापाशी ओढा वळून भरावाला समांतर धावतो, तिथे तर खाली मोरी आहे.

ढाळ_आणि_उतार

तलावातली रेघ पाणलोटाच्या हद्दीला काही करत नाही, सोडून द्या. पण प्रवाहाची लांबी आणि उतार घेऊन टाइम ऑफ कॉन्सन्ट्रेशन (सगळ्यात लांबचं पाणी आउटलेटला पोचायला लागणारा वेळ) काढणार असाल तर तलावातला तुकडा वेगळा धरा, नाहीतर आकडा फसवा येतो.

भरावाचं मात्र सोडू नका, त्याने हद्द बदलू शकते. डीईएमला मोरी दिसत नाही, त्याच्या लेखी तो बांधच. सागाने भरलेला डीईएम आहेच तुमच्याकडे, नव्या वॉर्पवर पुन्हा चालवा आणि रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये भरलेल्यातून मूळ वजा करा, भरावामागे काही मीटर खोल डबकं उठून दिसेल. मग व्हाइटबॉक्स टूल्समधलं ब्रीच डिप्रेशन्स लीस्ट कॉस्ट वापरा, ते भरायच्या ऐवजी बांध फोडून वाट काढतं. नाहीच जमलं तर मोरीच्या जागी एक लाइन काढून तेवढ्याच सेलची उंची हाताने उतरवा आणि आर.वॉटरशेड परत चालवा.