ट्रस्टची जागा विकून पैसे भलतीकडे लावतायत, सभासदाला काही करता येतं का?

नौपाडाकर:
नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका जुन्या वाचनालयाचा ट्रस्ट आहे, नाव नाही घेत. वर्गणी काढून घेतलेली जागा, जिन्याखाली देणगीदारांची संगमरवरी पाटी अजून आहे, त्यात पाचवं नाव माझ्या आजोबांचं, पुढे ५१ रुपये. आता ट्रस्टी म्हणतात इमारत विकू आणि त्या पैशातून घोडबंदरला लग्नाचा हॉल बांधू, ठरावही झाला म्हणे. मी आजीव सभासद, मला नोटीसच नाही. ट्रस्टी म्हणतील ती पूर्व दिशा का?

ऐरोलीची ताई:
अजिबात नाही. नुसत्या ठरावावर ट्रस्टची जागा विकता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६, विक्रीच्या आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, अगदी इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायची तरी लागते. आणि तिथे फक्त भाव बघत नाहीत हो, ट्रस्टचं हित, फायदा, संरक्षण हे बघायचं असतं आणि आयुक्त अटी घालू शकतात. आमच्या शाळेच्या ट्रस्टच्या वेळी पेपरात जाहिरात, सीलबंद निविदा, व्हॅल्युअरचा रिपोर्ट सगळं करावं लागलं. सुप्रीम कोर्टानेही १९८६ ला चेंचू रामी रेड्डी केसमध्ये सांगितलंय की अशा संस्थांच्या जमिनी खाजगीत नाही, जाहीर लिलावाने विकायच्या.
आधी धर्मादाय कार्यालयातून शेड्युल वनचा उतारा (ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीतली नोंद) आणि ट्रस्टची घटना, म्हणजे नियमावली, यांच्या नकला काढा. घटनेत उद्देश वाचनालय असेल तर लग्नाचा हॉल त्यात बसवणार कसा? उद्देश बदलायला कलम ५५ ची वेगळी प्रक्रिया आहे.

वाशीवाला:
ताईंचं बरोबर, पण वेळ घालवू नका. ट्रस्टींनी विक्रीच्या मंजुरीसाठी अर्ज दाखल केलाय का ते बघा, केला असेल तर त्याच कायद्याच्या कलम ७३अ खाली हितसंबंधी व्यक्ती म्हणून पार्टी, म्हणजे त्या प्रकरणात पक्षकार व्हायचा अर्ज टाका, ऑर्डर निघाल्यावर धावपळ फार होते. मंजुरी फसवून किंवा माहिती लपवून घेतली असेल तर ३६(२) खाली ती रद्द करता येते, पण तोवर खरेदीखत झालेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं खेटे. मीटिंगची नोटीस नाही हा मुद्दा लेखी मांडा, पाटीचा फोटोही जोडा, आजोबांनी पैसे कशासाठी दिले ते त्यावरून दिसेल.

नौपाडाकर:
ताई, दादा, खूप आभार. पाटीवर वरती "सार्वजनिक वाचनालयास सप्रेम" असंच कोरलंय. सोमवारी नकलांसाठी अर्ज देतो.