ई-सायकलला थ्रॉटल हवा का? सेन्सर, पाय आणि चढ

रानवाट (धागालेखक):
गेली दोन वर्षे मी कोथरूडहून हिंजवडीला ई-सायकलने जातो. पहिली सायकल केडन्स सेन्सरची होती, मागच्या चाकात हब मोटर आणि उजव्या मुठीत थ्रॉटल, म्हणजे पिळताच पाय न मारता मोटर चालवणारी मूठ. यंदा टॉर्क सेन्सरची सायकल घेतली आणि थ्रॉटल मुद्दाम बसवून घेतला नाही. दुकानात बहुतेक लोक मोटर किती वॅटची आणि बॅटरी किती किलोमीटर चालते एवढेच विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न असा असावा की, आपले पाय काय करत आहेत हे या मोटरला कसे कळते?

केडन्स सेन्सरची रचना साधी असते. पेडलच्या अक्षाजवळ लहान चुंबकांची चकती असते, शेजारी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर असतो, आणि चुंबके त्याच्यासमोरून सरकू लागली की कंट्रोलर, म्हणजे मोटरची वीज नियंत्रित करणारा भाग, मोटर सुरू करतो. पाय खरोखर जोर लावत आहेत की नुसते फिरत आहेत, हे त्याला समजत नाही. टॉर्क सेन्सर पायाच्या जोराने अक्षावर पडणारा ताण मोजतो, त्यामुळे पाय दाबला की मदत वाढते आणि हलका केला की लगेच कमी होते. चांदणी चौकाच्या अलीकडे गर्दीत तोल सावरण्यासाठी अर्धे पेडल मारले, तर जुनी सायकल एकदम पुढे झेपावत असे आणि पाय थांबवल्यावरही क्षणभर ढकलत राही. ब्रेकच्या दांड्यातल्या स्विचने मोटर बंद होते, म्हणून दांडा सतत किंचित दाबून ठेवण्याची सवय मला लावून घ्यावी लागली. नव्या सायकलवर त्या सवयीची गरजच उरली नाही.

थ्रॉटलवरचा माझा आक्षेप याहून मोठा आहे. पहिल्या महिन्यात मी तो फक्त चढावर वापरत होतो. तिसऱ्या महिन्यात सपाट रस्त्यावरही मूठ पिळलेली आणि पाय स्थिर, अशी स्थिती झाली. यामाहाने १९९३ साली जपानमध्ये पेडल-असिस्ट सायकल बाजारात आणली, तेव्हा माणसाच्या जोरात भर घालणारे यंत्र अशीच तिची कल्पना होती. तिथल्या आजच्या नियमातही ताशी १० किलोमीटरपर्यंत मोटरचा जोर पायांच्या जोराच्या दुपटीपर्यंतच असू शकतो आणि पुढे तो घटत घटत २४ किलोमीटरला शून्यावर येतो. थ्रॉटलने हे नातेच तुटते.

उत्तरायण:
आपले निरीक्षण सूक्ष्म आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मी ६३ वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांत झीज आहे आणि नाशिकला गंगापूर रोडवर रोज सायकल चालवते. टॉर्क सेन्सरची सायकल मी आठवडाभर चालवून पाहिली. जो जोरात दाबतो त्याला ती अधिक मदत करते, आणि जोरात दाबणे हेच तर मला वर्ज्य आहे! केडन्स सेन्सरवर मी हलक्या गियरमध्ये पाय नुसते फिरवते, गुडघे मोकळे राहतात आणि भार मोटर घेते. आपण ज्याला त्या सेन्सरचे अज्ञान म्हणता, तीच माझी सोय आहे.

थ्रॉटलविषयी आणखी एक गोष्ट. सिग्नलवर थांबलेली सायकल हलवताना पहिल्या अर्ध्या फेरीत गुडघ्यावर सर्वांत जास्त भार येतो. त्याच क्षणी केडन्स सेन्सर गप्प असतो, कारण अजून काही फिरलेलेच नसते. मागे बसचा हॉर्न वाजत असताना डगमगत निघण्यापेक्षा मूठ जरा पिळून सरळ निघणे मला अधिक सुरक्षित वाटते.

तारयंत्र:
मी या सायकलींची दुरुस्ती करतो. रानवाट यांनी वर्णन केलेला झटका सेन्सरपेक्षा कंट्रोलरमुळे अधिक येतो. चकतीवर चुंबके कमी असली तर पाय हलले किंवा थांबले हे कळायलाच उशीर होतो. चुंबके जास्त असली आणि कंट्रोलर प्रवाह हळूहळू वाढवणारा असला, तर केडन्स सेन्सरची सायकलही बऱ्यापैकी शांतपणे निघते. सायकल नाकारण्याआधी हे तपासून घ्यावे.

थ्रॉटलच्या बाबतीत मात्र मी रानवाट यांच्या बाजूचा आहे, कारण त्याचे परिणाम मोटर उघडल्यावर दिसतात. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरा. ५ टक्क्यांच्या चढावर ताशी १५ किलोमीटरने जाण्यासाठी नुसत्या चढणीला सुमारे २०० वॅट लागतात, टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळवून २५० च्या आसपास. पायांनी १०० वॅट दिले तर मोटरवर १५० उरतात. पाय थांबले तर सगळा भार तिच्यावर येतो आणि वाटेतली तूट धरून बॅटरीतून ३०० हून अधिक वॅट ओढले जातात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या बॅटरीत एकूण ३६० वॅट-अवरच असतात, हे लक्षात घ्यावे. त्याहून तीव्र चढावर वेग सात-आठवर आला की हब मोटरमध्ये विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो, आणि आतली दंतचक्रे नायलॉनची असतील तर ती त्या उष्णतेत लवकर झिजतात. सिंहगडाचा घाट केवळ थ्रॉटलवर चढवू पाहणाऱ्यांच्या मोटरी मी उघडल्या आहेत.

पानवेल:
मी सध्या जर्मनीत श्टुटगार्टला राहते. हे शहर खोलगट भागात वसलेले असल्याने कुठेही निघाले तरी जाताना किंवा येताना चढ असतोच. युरोपात २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही साध्या ई-सायकलची मर्यादा आहे, आणि पाय न हलवता मोटर चालवायची तर ती ताशी ६ किलोमीटरपर्यंतच चालू शकते. तरीही माझ्या गल्लीतले सत्तरीचे शेजारी रोज चढ चढतात. उत्तरायण, आपण पाहिलेली सायकल बहुधा मदतीच्या खालच्या पातळीवर लावलेली असावी. वरच्या पातळीवर टॉर्क सेन्सर हलक्या दाबालाही तिप्पट-चौपट साथ देतो. भारतातही २५ किलोमीटर आणि २५० वॅटच्या आतील पेडल-असिस्ट सायकलला मोटार वाहन मानले जात नाही, आणि पाय थांबले की तिची मोटर थांबली पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिले आहे.

उत्तरायण:
पानवेल, त्याच नियमात त्याच मर्यादेतील बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीलाही स्वतंत्र सूट आहे आणि तिथे पाय मारण्याची अट नाही, हेही सांगायला हवे होते. अमेरिकेत अनेक राज्यांनी थ्रॉटलच्या सायकलींचा वेगळा दुसरा वर्गच केला आहे, ताशी ३२ किलोमीटरपर्यंतचा. म्हणजे थ्रॉटल असला की ती सायकल राहत नाही, हा काही देशांचा निर्णय आहे, जगाचा नियम नव्हे. शिवाय आपले शेजारी बऱ्याचदा वेगळ्या सायकलमार्गावरून जात असतील. माझ्या वाट्याला रिक्षा आणि टँकर यांच्यामधली दीड फुटांची पट्टी येते. पातळी वाढवून मी पुन्हा पाहीन. पण चांगल्या टॉर्क सेन्सरची सायकल माझ्या सायकलीपेक्षा कितीतरी महाग आहे, आणि निवृत्तिवेतनात तो फरक लहान नसतो.

रानवाट:
उत्तरायण, निघतानाच्या पहिल्या अर्ध्या फेरीचा विचार मी केलाच नव्हता, कारण माझे गुडघे अजून तक्रार करत नाहीत. तेवढ्यापुरते माझे म्हणणे मागे घेतो. मग युरोपातल्यासारखा ताशी ६ किलोमीटरला थांबणारा थ्रॉटल का नको? सिग्नलवरून निघता येईल आणि पुढचा रस्ता पायांकडेच राहील. तारयंत्र, अशी मर्यादा कंट्रोलरमध्ये घालता येते का?

तारयंत्र:
ज्या कंट्रोलरला डिस्प्लेवरून मांडणी बदलता येते, त्यांपैकी अनेकांत येते. अगदी स्वस्त कंट्रोलरमध्ये ती सोय नसते. तो बदलावा लागतो.

उत्तरायण:
सिग्नलसाठी ६ पुरेसे आहेत, हे मान्य. पण मागच्या पावसाळ्यात भर चढावर माझा उजवा गुडघा आखडला. पाय फिरेना, उतरून उभे राहायला कडेला जागा नव्हती आणि मागे वाहनांची रांग होती. थ्रॉटलवर मी सुमारे दोनशे मीटर वर गेले आणि सपाटीवर थांबले. ताशी ६ किलोमीटरला त्या चढावर माझा तोल राहिला नसता. माझ्या कंट्रोलरमध्ये मर्यादा घालायचीच असेल तर ती मी १२ वर ठेवीन, त्याखाली नाही.