मदत हवी आहे: जुना एसी आणि फ्रीज काढायचाय, आतल्या गॅसचं काय करायचं?

ओसरी
घर बदलताना दोन वस्तू काढायच्या आहेत. एक दीड टनाचा स्प्लिट एसी, २०११चा, स्टिकरवर आर-२२, १.१ किलो, चालू आहे. दुसरा १६५ लिटरचा एकदारी फ्रीज, १९९८चा, आर-१२, कॉम्प्रेसर बंद. भंगारवाला म्हणतो, पाइप इथंच कापू, उचलायला सोपं पडतं. कापलं की गॅस हवेत जाणार, आणि दोन्ही गॅस ओझोनला मारक. मेकॅनिककडून नेमकं काय करून घ्यायचं? फ्रीज बंद आहे म्हणजे त्यात गॅस उरलाच नसेल का? घरच्यांना त्याचं खोकं गच्चीवर धान्य ठेवायला हवंय.

तांब्याची नळी
पाइप अजिबात कापू देऊ नका. एसी चालू आहे हे फार बरं झालं. त्याच्याच कॉम्प्रेसरने सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेता येतो. मेकॅनिक याला 'पंप डाउन' म्हणतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

बाहेरच्या युनिटला दोन व्हॉल्व्ह असतात, एक बारीक नळीवर, एक जाड नळीवर. दोन्हींची पितळी टोपणं पान्याने काढायची. जाड नळीच्या सर्व्हिस पोर्टला (गेज जोडायचं तोंड) गेज, म्हणजे दाब दाखवणारं काट्याचं मीटर, लावायचा. एसी १६ अंशांवर ठेवून दहा मिनिटं चालू द्यायचा. आर-२२ला गेज साधारण ६० ते ७० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवेल. मग ॲलन कीने (षटकोनी चावी) बारीक नळीचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद. काटा खाली येऊ लागतो. शून्याच्या जरा वर, १-२ पीएसआयला आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लगेच मेन स्विच. हे दोघांनी करावं, एकाचा हात ॲलन कीवर, दुसऱ्याचा स्विचवर.

काटा शून्याखाली जाऊ द्यायचा नाही. तिथं सैल नटमधून हवा आत खेचली जाते. हवा आणि तेल एकत्र दाबले गेले तर कॉम्प्रेसर फुटू शकतो, माणसं जखमी होतात. पंप डाउन झाल्यावरच नट सोडवा, आणि युनिटच्या तोंडांना टोपणं लावा. मेकॅनिक म्हणाला, 'थोडासाच गॅस आहे, सोडून देऊ', तर दुसरा मेकॅनिक बघा. १.१ किलो आर-२२ हवेत सोडला तर तापमानवाढीच्या हिशोबाने तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका पडतो.

गच्चीवरची_बाग
फ्रीजबद्दल. कॉम्प्रेसर बंद म्हणजे गॅस गेला असं नाही. मोटरचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) जळलं असेल तर गॅस जसाच्या तसा आत असतो. या आकाराच्या फ्रीजमध्ये तो साधारण १०० ग्रॅम, म्हणजे एसीच्या दहाव्या हिश्शाहून कमी. पण ओझोनचं नुकसान मोजलं तर हे १०० ग्रॅम तुमच्या पूर्ण १.१ किलो आर-२२वर भारी आहेत. आर-२२चा बराचसा भाग खालच्या वातावरणातच तुटतो. आर-१२ शंभरेक वर्षं टिकतो, वर पोचतो, तिथं क्लोरीन सोडतो. म्हणूनच आपल्याकडे १ जानेवारी २००३नंतर नव्या फ्रीजमध्ये तो वापरायला बंदी आली.

फ्रीजला एसीसारखे व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे पंप डाउन शक्य नाही. कॉम्प्रेसरजवळ टोक चेपून बंद केलेली आखूड तांब्याची नळी दिसेल. तिच्यावर टोचणी व्हॉल्व्ह बसवून रिकव्हरी मशीनने गॅस सिलिंडरमध्ये काढतात. सिलिंडर ८० टक्क्यांपर्यंतच भरायचा. आर-२२च्या सिलिंडरमध्ये आर-१२ कधीच घालू नये. मिसळलेला गॅस पुन्हा वापरता येत नाही. मशीनवाला मिळाला नाही तर फ्रीज न उघडता अखंड द्या.

धान्याचं मनावर घेऊ नका. त्या काळच्या फ्रीजच्या भिंतींतला फोम बहुधा आर-११ या गॅसने फुगवलेला असतो. तसा असेल तर नळीपेक्षा जास्त गॅस फोममध्येच आहे, भोक पाडलं की तो सुटतो. बंद खोक्यात गच्चीवरच्या उन्हाने धान्याला घाम येतो, बुरशी धरते. शिवाय लहान मूल आत शिरून दार लागलं तर श्वास कोंडतो. खोकं उभं राहणार असेल तर दार काढाच.

ओसरी
दोघांचे आभार. पण काटा २० पीएसआयवर अडला तर? आणि दोन्ही वस्तू द्यायच्या कुणाला?

तांब्याची नळी
आधी बारीक व्हॉल्व्ह खरंच पूर्ण बंद झालाय का बघा. जुन्या व्हॉल्व्हची षटकोनी खाच झिजलेली असते, ॲलन की नुसती फिरते. नीट बंद असूनही काटा हलत नसेल तर कॉम्प्रेसरचे आतले व्हॉल्व्ह गळतायत. अशा वेळी ताणून चालवू नका, रिकव्हरी मशीनच आणायचं. काढलेला आर-२२ वाया जात नाही. २०३०पर्यंत त्याचं उत्पादन जवळपास बंद होणार असल्याने जुन्या एसींच्या दुरुस्तीला तोच स्वच्छ करून वापरतात.

गच्चीवरची_बाग
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची यादी आहे, तिथून निवडा. फोन करताना एवढंच विचारा: 'गॅस आणि फोम वेगळा काढता का?' उत्तर गोलमोल आलं तर यादीतला पुढचा नंबर लावा. एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर दुकानदाराला जुना माल कुठं जातो ते विचारा आणि पावती लिहून घ्या. फ्रीज उभाच न्यायला सांगा, मागची काळी जाळी धरून उचलायचा नाही. ती वाकली की सांध्यात तडा जातो, आणि गॅस टेम्पोतच सुटतो.