ट्रॅप कॅमेऱ्याच्या फोटोला सर्वोच्च मान मिळावा का?

रानवाट: लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २०२५ चा सर्वोच्च मान विम व्हॅन डेन हीव्हर यांना मिळाला. नामिबियातलं कोल्मन्सकोप हे हिऱ्यांच्या खाणीचं ओसाड गाव, पडकी इमारत आणि तिच्यासमोर तपकिरी तरस. फोटो अप्रतिम आहे. पण काढलाय ट्रॅप कॅमेऱ्याने, म्हणजे रानात लावून ठेवलेल्या आणि जनावर समोर आलं की सेन्सरमुळे आपोआप क्लिक होणाऱ्या कॅमेऱ्याने. २०२० मध्ये जिंकलेली, झाडाला मिठी मारणारी सर्गेई गोर्शकोव्ह यांची अमूर वाघीणही तशीच. दोन्ही वेळा क्लिक झालं तेव्हा कॅमेऱ्यामागे कुणीच नव्हतं.

माझं म्हणणं, ट्रॅपला स्वतंत्र विभाग द्या, मोठं बक्षीस द्या, पण एकूण विजेतेपद त्याला नको. प्राण्याचे कान टवकारले, मान वळली आणि नेमकं तेव्हाच बोट पडलं, यात माणसाचा कस लागतो. तीच गोष्ट नव्या कॅमेऱ्यांतल्या प्री-कॅप्चर या सोयीची. पक्षी उडाल्यावर बटण दाबलं तरी उडण्याआधीच्या फ्रेम कॅमेऱ्याने साठवलेल्या असतात. सोनी ए९ थ्री हा कॅमेरा तर सेकंदाला १२० फ्रेम काढतो.

शेकरू: रानवाट, पूर्ण असहमत. मी ट्रॅप लावतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वाट शोधावी लागते. कुठल्या बुंध्यावर जनावर अंग घासतं, सालीत केस अडकलेत का, गंधखूण ताजी आहे का. गोर्शकोव्ह यांना त्या एका चौकटीसाठी ११ महिन्यांहून जास्त वाट पाहावी लागली, व्हॅन डेन हीव्हर यांना १० वर्षं. मग मांडणी. एक फ्लॅश मागून, कडेने, जनावराच्या पाठीच्या वर. समोरचा अगदी मंद आणि लेन्सपासून लांब, नाहीतर डोळे पांढरे चमकतात. फोकस हाताने धरायचा आणि तो हलू नये म्हणून लेन्सच्या रिंगवर टेप मारायची. मग स्वतः ओणवं होऊन त्या वाटेवरून रांगत जायचं, म्हणजे सेन्सरचा अदृश्य किरण (तो तुटला की क्लिक होतं) छातीशी तुटतोय की शेपटीशी, ते समजतं. उष्णतेवर चालणारा सेन्सर असेल तर उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी तो फसतो आणि बॅटरी संपते. एवढं सगळं करून जनावर आलंच नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.

क्षण निवडला नाही हे खरं. बाकी सगळं माणसानेच निवडलेलं असतं.

काजवा: मला ट्रॅपपेक्षा पैशाचा प्रश्न मोठा वाटतो. ६०० एमएम एफ/४ ही लांबची, जास्त उजेड घेणारी महागडी लेन्स सगळ्यांना परवडत नाही. एफ/६.३ च्या स्वस्त झूमवर सव्वा स्टॉपहून जास्त उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). एफ/४ वाल्याला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो खरखरीत होतो) ३२०० पुरतो तिथे आपल्याला ८००० लावावा लागतो, आणि पहाटेच्या उजेडात हा फरक पिसांवर दिसतो. त्यात लेन्सचा पल्ला १.४ पट वाढवणारा टेलिकन्व्हर्टर लावला की आणखी एक स्टॉप गेला. विभाग पाडायचेच तर लेन्सवरून पाडा.

पाणकोंबडी: काजवा, अलीकडचे विजेते बघा ना. २०२४ चे शेन ग्रॉस तळ्यात उतरून, कमळाच्या देठांमधून पोहत बेडूकमाशांपर्यंत गेले. २०२२ ची कॅक्टस बी जातीच्या माश्यांची गुंडाळी जमिनीलगत, अगदी जवळून काढलेली. यात ६०० चं काय काम? दुपारी तापलेल्या माळावर तर लांबची लेन्स उलट नडते, मधल्या हवेच्या लाटांनी सगळा तपशील विरघळतो.

गव्हाणी: ट्रॅपबद्दल मी रानवाटच्या बाजूने, पण कारण वेगळं. कॅमेऱ्यापाशी माणूस नसला की त्या जनावराचं काय झालं हे कुणी पाहिलेलं नसतं. फ्लॅशला बुजून त्याने ती वाट सोडली का? पिल्लं बरोबर होती का? परीक्षकांना तपासायला मुख्यतः रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाइल मिळते. तिच्यात जोड-तोड पकडता येते, पण लांडगा रानातला की शिकवलेला हे तिच्यात लिहिलेलं नसतं. २००९ चा विजेता, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, याच कारणाने बाद झाला, आणि तोही ट्रॅपनेच काढलेला होता.

शेकरू: गव्हाणी, फ्लॅशचा मुद्दा मान्य. पहिल्या चमकेला जनावर दचकलेलं फ्रेममध्ये दिसलं तर ट्रॅप काढून घ्यायलाच हवा, आणि स्पर्धांनी फक्त जिंकलेली फ्रेम न मागता तिच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमही मागाव्यात. पण लबाडीचं खापर ट्रॅपवर नको. २०१७ मध्ये वारुळाशी आलेल्या मुंगीखाऊच्या फोटोला बक्षीस मिळालं, आणि तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाल्यावर २०१८ मध्ये ते काढून घेतलं. तिथे फोटोग्राफर कॅमेऱ्याजवळच होता.

रानवाट: आधीच्या-नंतरच्या फ्रेम मागाव्यात, ही सूचना उत्तम आणि ती सगळ्याच विभागांना लावावी. प्री-कॅप्चर वापरलं की नाही हेही त्यातून उघड होईल. विजेतेपदाबद्दल माझं मत मात्र कायम आहे. शेकरू, तुमची मेहनत मी नाकारत नाही. पण खंड्या पाण्यात सूर मारणार हे त्याच्या मानेवरून ओळखून बटण दाबणारा, आणि दीड सेकंदाच्या १८० फ्रेममधून घरी बसून एक निवडणारा, या दोघांना मी एका रांगेत बसवू शकत नाही.

पाणकोंबडी: पण १८० फ्रेम काढायलासुद्धा खंड्या कुठल्या फांदीवरून सूर मारतो हे आधी माहीत असावं लागतं, आणि उजेड पाठीशी घेऊन तिथे बसून राहावं लागतं. ते कुठला कॅमेरा करून देतो?