‘आवडला नाही तर पुढे जा’ म्हणणाऱ्यांसाठी

उघडझाप:
निवांत यांनी काल लिहिलंय की हौशी लोकांच्या फोटोंमध्ये न विचारता चुका काढू नयेत, आवडला तर सांगावं, नाहीतर गुमान पुढे जावं. त्यावर ढीगभर बदाम पडलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मग फोटो टाकायचाच कशाला? घरच्यांना दाखवा, ते कौतुक करतीलच. इथे ‘अप्रतिम’, ‘क्लास’, ‘निःशब्द’ यांचा रतीब चाललाय. निःशब्द असाल तर लिहिता कशाला? एकाने काळसर झाडीसमोरचा बगळा टाकला होता. पंखांचा पांढरा इतका उडालेला की एक पीस वेगळं दिसेना. कागदाची कात्रणं चिकटवल्यासारखा बगळा. खाली सगळे ‘वा वा’. मी इतकंच लिहिलं की मागे एवढं गडद असलं की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो, उजेड एक-दीड स्टॉप खाली घ्या, पार उडालेला पांढरा नंतर कुठल्याच एडिटिंगने परत येत नाही. तर मीच नकारात्मक! अहो रूपम् अहो ध्वनिः करणाऱ्यांनी त्याचा पुढचा बगळाही घालवला.

निवांत:
सोयीचं तेवढंच उचललंत. मी ‘न विचारता’ म्हटलं होतं.

आईच्या शेवटच्या आजारपणात तिचा एक फोटो काढला होता. खिडकीतला उजेड तिच्या हातावर, बाजूला स्टुलावर औषधाच्या बाटल्या. पहिलाच प्रतिसाद आला: ‘उजवीकडच्या बाटल्या लक्ष वेधून घेतात, क्रॉप करा.’ बाटल्या काढल्या तर त्या फोटोत उरतं काय? मला त्या दिवशी काही शिकायचं नव्हतं हो. तेव्हापासून मी टाकणंच सोडलं. तुमचं मीटर बरोबर असेलही, पण समोरच्याने फोटो का काढलाय हे आधी बघाल की नाही?

रानवाट:
निवांत +१. हे टीकाकार स्वतःचे फोटो कधी टाकत नाहीत, उंटावरून शेळ्या हाकतात. क्षितिज सरळ, डोळ्यावर फोकस, एक-तृतीयांशाचा नियम, झाली यांची पोथी. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँच्या १९३२ च्या फोटोतला डबक्यावरून उडी मारणारा माणूस धूसरच आहे की. वर तो फोटो क्रॉप केलेला, आणि तोही क्रॉपला नावं ठेवणाऱ्या माणसाचा.

चष्मिष:
आला का ब्रेसाँ! तो माणूस धूसर असून चालतो, कारण टाच अजून पाण्याला टेकलेली नाही, आणि अख्खा फोटो त्या जराशा फटीवर उभा आहे. रानवाट, तुम्ही टाकलेल्या घुबडाच्या फोटोत फोकस मागच्या फांदीवर गेलाय, बस्स.

जुनी_रीळ:
फोकसचं राहू द्या, आभाळ तरी तुमचं आहे का? जिकडे बघावं तिकडे तेच जांभळं-नारिंगी आभाळ, ॲपमधून चिकटवलेलं. सूर्य मागे उजवीकडे, आणि माणसांच्या सावल्याही मागे उजवीकडेच! रिळात ३६ फोटो असायचे तेव्हा लोक ढगांची वाट बघत बसायचे.

कावळा:
आभाळ चिकटवायला ॲप लागत नव्हतं. फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव ल ग्रेचे १८५६-५७ चे समुद्राचे फोटो बघा. तेव्हा निगेटिव्हच्या काचेवर लावायचं ते कलोडियन निळ्या उजेडाला फार संवेदनशील, समुद्र नीट आणावा तर आभाळ पांढरंफटक. म्हणून एक निगेटिव्ह समुद्राची, दुसरी ढगांची, प्रिंट एकच.

जुनी_रीळ:
दोन्ही त्याच्या स्वतःच्या. फुकटचं तयार आभाळ आणि हे एकाच तागडीत तोलता?

कावळा:
स्वतःच्याच. आणि एकच आभाळ त्याने एकाहून जास्त समुद्रांवर वापरलंय. आता बोला.

जुनी_रीळ:
बोलतो की. तो काचेच्या निगेटिव्ह सांभाळत डोळे फोडत होता, तुम्ही लोळत बोट फिरवता. मेहनतीला काही किंमत?

चष्मिष:
मेहनत फोटोत दिसत नसेल तर तिचे मार्क कशाला द्यायचे? बातमीचा फोटो असेल तर गोष्ट वेगळी. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेने २०१५ मध्ये शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेले सुमारे २० टक्के फोटो फेरफारामुळे बाद केले होते. सहलीच्या फोटोला तो कायदा नको. ‘आभाळ बदललंय’ एवढं खाली लिहा आणि मोकळे व्हा.

रानवाट:
म्हणजे आता कबुलीजबाबही द्यायचा? लेन्स पुसली तेही लिहू का? घुबडाचं राहू द्या, आधी स्वतःचा एक तरी पक्षी दाखवा.

उघडझाप:
आभाळवाल्यांनी वेगळी चूल मांडा बुवा. निवांत, बाटल्यांवरचा तो शेरा मूर्खपणाचाच होता. पण एकाने वेडपट शेरा मारला म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप घालायचं, हे कुठलं तर्कशास्त्र? आणि ‘बाटल्यांमुळेच फोटो उभा आहे’ असंही कुणी लिहिलं नाही ना? बाकीचे बदाम टाकून पसार.

निवांत:
नाही लिहिलं कुणी, खरंय. घ्या, तेवढा एक गुण तुम्हाला. पण बगळेवाल्याने तुमची शिकवणी मागितली होती का, ते अजून सांगितलं नाहीत.

चष्मिष:
रानवाट, टाकलाय खंड्या. सूर मारतानाचा. पंख हललेत, १/५०० सेकंदाचा शटर पुरला नाही, ते मला दिसतंय. बाकी काढा चुका.

रानवाट:
मागची फांदी त्याच्या डोक्यातून आरपार गेलीय.

चष्मिष:
फांदी तिथेच होती.

रानवाट:
मग दोन पावलं डावीकडे सरकायचं होतं.

कावळा:
ॲपने उडवा की फांदी.

जुनी_रीळ:
खबरदार!