मदत हवी आहे: नोकरी सांभाळून हालचालशास्त्रात (ह्यूमन मूव्हमेंट सायन्स) पीएचडी, सांगलीत राहून जमेल का?

गुडघावाली_मॅडम
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, सांभाळून घ्या.

मी सांगलीची, वय ३४, एमपीटी (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) स्पोर्ट्स, ६१ टक्के. ८ वर्षं एका खाजगी हॉस्पिटलात फिजिओ आहे. तासगाव-पलूस साइडच्या कबड्डीच्या पोरी येतात आमच्याकडे एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) तुटलेल्या, १६-१७ वर्षांच्या. बऱ्याच जणींना कुणी धक्का पण मारलेला नसतो, पळता पळता वळली नाहीतर उडी मारून एका पायावर उतरली की गुडघा आत झुकतो आणि कट्कन आवाज आला म्हणतात. आई विचारते हिचं पुढं कसं व्हायचं आणि पोरगी विचारते मॅडम परत चढाईला कधी जाऊ. मग ऑपरेशन, नऊ-दहा महिने व्यायाम, आणि परत मैदानात गेली की उतरायची पद्धत तीच! तर मला हेच मोजायचंय, उतरताना गुडघा किती आत जातो आणि गावातल्या साध्या मैदानावर कोच लोकांना शिकवून ते सुधारतं का.

परदेशात याला ह्यूमन मूव्हमेंट सायन्स किंवा कायनेसिऑलॉजी म्हणतात, पण आपल्याकडं या नावानं शोधलं तर काही धड सापडेना. शारीरिक शिक्षणात घालायचं का फिजिओथेरपीत? एमपीएड (शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी) नाही माझं, चालेल का? नेट परीक्षा द्यावी लागते का आणि दिली तर कुठल्या विषयात? जर्नलमध्ये पेपर छापल्याशिवाय थिसिस घेत नाहीत असं एक मैत्रीण म्हणाली ते खरंय का? नोकरी सोडणं शक्य नाही, फ्लॅटचा हप्ता आहे. सासूबाई म्हणतात कर, ह्यांचं म्हणणं रोज कोल्हापूरला जाणारेस का.

शिवाय एकाचा फोन आलेला, ३ लाखात घरबसल्या ऑनलाइन डॉक्टरेट, थिसिस पण तेच लिहून देणार. मी काही बोलले नाही, नुसतं ऐकून घेतलं.

माणदेशी_पळपुटा
ताई, पहिलं म्हणजे तो नंबर ब्लॉक करा. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं पीएचडी यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) मान्यच नाही, नियमातच लिहिलंय.

मी साताऱ्यात शारीरिक शिक्षण शिकवतो, पार्टटाइम करूनच पाच वर्षांत संपवली. सगळं २०२२ च्या यूजीसी रेग्युलेशनवर चालतं, ते एकदा स्वतः वाचा, ऑफिसातल्या क्लार्कच्या तोंडी ऐकू नका. पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, तुम्ही बसता. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, पुढं दोन वाढवून मिळतात आणि बायकांना आणखी दोन, म्हणजे १० च्या वर कुणालाच नाही. २४० दिवसांपर्यंत मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह वेगळी. कोर्सवर्क निदान १२ क्रेडिटचं, त्यात रिसर्च एथिक्सचा पेपर आलाच, ५५ टक्के पडले तरच पुढं. आणि पेपर छापायची जी सक्ती होती ती यूजीसीनं २०२२ मध्ये काढली, तुमची मैत्रीण जुन्या नियमातली असणार. पण छापा हो, मुलाखतीत तेच विचारतात.

नेट म्हणाल तर फिजिओथेरपी हा विषयच नाही नेटला. पण ज्यांचा पीजीचा विषय यादीत नाही त्यांना जवळच्या विषयात बसता येतं, शारीरिक शिक्षणाचा कोड ४७. २०२४ पासून नेटमध्ये नुसतं पीएचडीसाठी पात्र अशीपण कॅटेगरी आहे, त्या मार्कांना ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०, पण ते वर्षभरच चालतात. नाहीतर विद्यापीठाची पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) असेल तर ती द्या, अर्धा पेपर संशोधन पद्धतीचा, अर्धा विषयाचा.

कोयनाकाठची_फिजिओ
सेम प्रोफेशन 🙋 मी कराडची. ताई, नावात अडकू नका. तुमचं काम बायोमेकॅनिक्स आहे, म्हणजे शरीराची हालचाल मोजायचं शास्त्र, ते तीन दारांतून होतं. एक कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शारीरिक शिक्षण, ते आंतरविद्याशाखीयमध्ये येतं. दुसरं फिजिओथेरपी, त्याची कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांपैकी आमच्या कराडला कृष्णा विश्व विद्यापीठ आहे, सांगलीहून जाऊन येण्यासारखं. तिसरं आयआयटीवाल्यांचं, ते विसरा, तिथं गणित विचारतात. एमपीएड नसताना शारीरिक शिक्षणात घेतात का ते त्या वर्षीच्या जाहिरातीत 'संबंधित विषय' काय काय लिहिलेत त्यावर ठरतं, म्हणून जाहिरात नीट वाचा.

आणि एक गोष्ट कुणी वेळेत सांगत नाही, एथिक्स कमिटी, माणसांवरच्या संशोधनाला तिची परवानगी लागते. तुमच्या पोरी १८ च्या खालच्या, म्हणजे आईबापांची लेखी संमती आणि वर मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची गाइडलाइन आहे. व्यायाम देऊन फरक बघणार असाल तर पहिली पोरगी घ्यायच्या आधी सीटीआरआयला (क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी करा, नंतर केलेली चांगली जर्नल्स धरत नाहीत. माझे सात महिने ह्यातच गेले, कागद तीनदा परत आले 😭

गुडघावाली_मॅडम
बापरे, एवढं! मनापासून थँक्यू दोघांनाही. कराडचं डोक्यातच नव्हतं.

अजून दोन शंका. एक सर तयार आहेत गाइड व्हायला, विषय एकदम आवडला त्यांना, पण दोन वर्षांत रिटायर होतायत. आणि फोर्स प्लेट (पायाचा जमिनीवरचा जोर मोजणारी), थ्रीडी कॅमेरे वगैरे आमच्याकडं कुठून येणार, त्याशिवाय बायोमेकॅनिक्स म्हणायला लाज वाटते.

माणदेशी_पळपुटा
सरांना नमस्कार करा आणि दुसरा गाइड शोधा. रिटायरमेंटला ३ वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेताच येत नाही. को-गाइड म्हणून विचारून बघा फारतर. जागांचंपण बघा, प्रोफेसरकडं ८, असोसिएटकडं ६, असिस्टंटकडं ४, ह्याच्या वर नाही. आमच्याकडं लोक आधी विषय ठरवतात मग गाइड हुडकत वर्ष घालवतात. उलटं करा, कुणाकडं जागा रिकामी आहे ते आधी काढा.

हॉस्पिटलची एनओसी (ना हरकत पत्र) पण आत्ताच मागा. नुसतं 'हरकत नाही' चालत नाही, संशोधनाला वेळ देऊ आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं सोडू असं स्पष्ट पाहिजे. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या फेलोशिप फुलटाइमवाल्यांच्या, तुम्हाला उपयोग नाही.

वाईकर_सध्या_हॉलंड
मूळचा वाईचा, ग्रोनिंगनला असतो. इथं ह्यूमन मूव्हमेंट सायन्सेस हा सरळ विद्यापीठाचा विभागच आहे, ॲमस्टरडॅमलापण आहे. पीएचडी म्हणजे इथं चार वर्षांची पगारी नोकरी, जाहिरात निघते, अर्ज करायचा. अमेरिकेत वेगळं, दोनेक वर्षं क्लास, मग कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा, ती पास झालात की मग प्रबंध. पण घर, हप्ता, सासूबाई सगळं तिकडं असेल तर ह्यात पडू नका.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर लाज कसली, मोबाईल ट्रायपॉडवर समोरून लावा, गुडघ्यावर-घोट्यावर टिकल्या चिकटवा, कायनोव्हिया नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात कोन मोजा. फक्त समोरून घेतलेला टूडी कोन म्हणजे खरं थ्रीडी वळण नव्हे, हे स्वतःच लिहून टाका, नाहीतर बाहेरचे परीक्षक तिथंच धरतील. आणि एकच व्हिडिओ दोघांनी वेगवेगळा मोजून आकडे जुळतात का ते आधी दाखवा. तुमचा प्रश्नच गावातल्या मैदानाचा आहे, तिथं लॅब कुठं नेणार.

गुडघावाली_मॅडम
टिकल्या!! हे भारी आहे, टिकल्यांना तर काही तोटा नाही 😄 शनिवारी सुट्टी आहे, कराडला जाऊन येते. एनओसीचा अर्ज आज रात्री लिहिते, ॲडमिनवाले साहेब चिकट आहेत पण त्यांचीच पुतणी कबड्डी खेळते, बघू.

हळदीचा_वाडा
मधेच घुसतोय सॉरी, एमपीएड ५३ टक्के, ओबीसी. माझं बसतं का?

माणदेशी_पळपुटा
नॉन क्रिमीलेअर असेल तर बसतं, ५ टक्के सूट आहे. सर्टिफिकेट चालू तारखेचं आहे का ते आधी बघ भावा.