मदत हवी आहे: रात्रपाळीत वात-पित्त कसं सांभाळायचं?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण नर्स आहे, सतत रात्रपाळी. पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडलीय, पहाटे छातीत जळजळ. वैद्य म्हणाले, जागरणाने रूक्षता येते, वात वाढतो. जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपावं, असं आयुर्वेदाचे प्राचीन आचार्य वाग्भट यांनी सांगितलंय. ते तिला मानवतंय.

अडचण डब्याची आहे. मऊ मुगाची खिचडी तूप घालून देते, पण रात्री दोनपर्यंत तिचा गार गोळा होतो. मग बिचारी चहा-फरसाणावर भागवते, आणि जळजळ तिथूनच सुरू होते. थर्मासमधून ज्वारीची पेज दिली तर चालेल का? तळपायांना तेल आंघोळीआधी चोळावं की झोपताना? रात्रपाळी करणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा. औषधं नकोत, ती वैद्यांची चालू आहेत.